तांबडा कोंबडा, पट्टेरी कोंबडी: उबवणीआधी जोडी नीट लावा

थंडी ओसरू लागली की कोंबड्या खुडूक बसतात, उबवणी यंत्रेही भरली जातात. पिल्लांत नर किती आणि तलंगा किती हे पहिल्याच दिवशी कळले, तर खाद्याचा आणि जागेचा हिशेब सोपा होतो. रंगावरून ते कळते, पण जोडी ठरवून लावलेली असेल तरच. मिश्र कळपातल्या पिल्लांचा रंग बघून केलेले भाकीत म्हणजे निव्वळ छापा-काटा.

कोंबड्यात झेड गुणसूत्रे दोन असतात, कोंबडीत एक झेड आणि एक डब्ल्यू. आईचे झेड फक्त मुलाला मिळते. मुलीला झेड मिळते ते बापाचेच. पट्ट्यांचे जनुक या झेडवर बसते आणि ते प्रबळ आहे, म्हणजे एकच असले तरी रंगात दिसते. म्हणून पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडीला तांबडा ऱ्होड आयलंड रेड कोंबडा लावला, की पट्टे फक्त मुलांत उतरतात. पिल्ले सगळी काळीच निघतात. नराच्या डोक्यावर मात्र पांढरा ठिपका असतो. लव पूर्ण सुकल्यावर, उजेडात, डोक्यावरूनच बघा. पोट आणि पंखांची टोके मादीचीही फिकट असतात, तिथे नवखा माणूस हमखास फसतो.

दुसरी जोडी सोनेरी-चंदेरीची, म्हणजे झेडवरच्याच दुसऱ्या रंग-जनुकाची: कोंबडा सोनेरी, कोंबडी चंदेरी. कोंबडा तोच तांबडा, कोंबडी पांढरट लाइट ससेक्स. नर पिल्ले फिकट पिवळसर, माद्या तांबूस. पांढरी दिसते म्हणून लेगहॉर्न मात्र घेऊ नका. तिचा पांढरा रंग प्रबळ, खालचे सगळे झाकून टाकतो.

आणि जोडी उलटी लावू नका. शुद्ध पट्टेरी कोंबडा तांबड्या कोंबडीला लावला तर मुलगे-मुली दोघेही पट्टेरी, ओळखायला काहीच उरत नाही. संकरातली पिल्ले मोठी करून त्यांच्यातच पुढची पैदास केली, तरी हा हिशेब मोडतो. दर वर्षी मूळ शुद्ध जातीच लागतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो जुन्या कोंबड्यामुळे. त्याला बाहेर काढला तरी त्याचे बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकते. आम्ही एकदा आठच दिवस थांबलो. बिनठिपक्याच्या म्हणून वेगळ्या काढलेल्या ‘तलंगां’तल्या कितीतरी पुढे आरवायला लागल्या! तेव्हा तीन आठवडे थांबा आणि मगच अंडी जमवायला घ्या. ती सात दिवसांच्या आत, गार जागेत ठेवलेली असतानाच यंत्रात जाऊ द्या. पुढे उबवणीचे २१ दिवस धरा, म्हणजे कोंबडा कधी बदलायचा ती तारीख मागे मोजून काढता येईल.

काही जातींत पंखांवरूनही कळते, पण तीही ठरवलेली जोडीच: कोंबडा लवकर पिसे येणाऱ्या वाणाचा, कोंबडी उशिरा पिसे येणाऱ्या वाणाची. पिल्लाचा पंख पंख्यासारखा अलगद उघडा. मोठी पिसे वरच्या झाकणाऱ्या पिसांपेक्षा स्पष्ट लांब असली तर मादी. दोन्ही सारखी, किंवा वरचीच लांब, तर नर. हे पहिल्या एक-दोन दिवसांतच बघायचे, नंतर फरक पुसला जातो.

निवड करताना एका वेळी थोडीच पिल्ले बाहेर काढा. ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाखाली, पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, आणि ठिपके बघण्याच्या नादात पिल्ले कधी गारठली ते कळतही नाही.