गोधडीवालीचा डबा

शिकायला येणारी मुलगी पहिल्या दिवशी पिशवी उघडते, तेव्हाच मला कळतं तिने किती व्हिडिओ पाहिलेत. गेल्या पावसाळ्यात एकजण चाळीस रंगीत क्लिपा, तीन मापांच्या पट्ट्या, चुंबकाची टाचणीदाणी आणि त्रिकोण कापायचा साचा घेऊन आली होती. कापड आणायचं राहिलं होतं. तिला हसायचा मला काही हक्क नाही. मीही सुरुवातीला असाच बाजार उठवला होता, आणि त्यातलं अर्धं सामान आजही माळ्यावर आहे.

गेली अकरा वर्षं मी गोधड्या आणि पॅचवर्कचे क्विल्ट शिवून विकते. जुन्या लुगड्यांची गोधडी कराडकडच्या आजोळी काकींकडून शिकले, चौकोन-त्रिकोण जोडायचा क्विल्ट नंतर पुण्यात स्वतःच धडपडत. दोन्हींत हात मुरल्यावर एक गोष्ट पक्की झाली: गोधडी बिघडते ती शिवताना नाही, त्याच्या आधी. कापताना आणि थर लावताना. म्हणून पैसे कापण्याच्या सामानावर घालवा, शिवायचं सामान स्वस्तात भागतं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, आधी महागडं मशीन घेतात आणि कापड मात्र भाजीच्या कात्रीने कापतात.

पहिली खरेदी रोटरी कटर. पिझ्झा कापायच्या चाकासारखा दिसतो, पण पातं वस्तऱ्यासारखं. ओल्फा या जपानी कंपनीने तो 1979 साली पहिल्यांदा बाजारात आणला. कपडे बेतणाऱ्यांसाठी काढलेली वस्तू क्विल्ट करणाऱ्यांनी अशी उचलली की त्यांची कामाची पद्धतच बदलली. पाती 18, 28, 45 आणि 60 मिलिमीटरची मिळतात. पहिला कटर 45 चाच घ्या, कोणत्याही कंपनीचा चालेल, फक्त सुटी पाती मिळताहेत ना ते आधी विचारा. पात्याला एखादी टाचणी लागली की बारीक खड्डा पडतो आणि मग कापडाची पट्टी कापल्यावर मध्येच दोन-चार धागे तसेच राहतात. ते धागे दर साडेपाच इंचांवर येत असतील तर दोष तुमच्या हाताचा नाही. 45 च्या पात्याचा घेर तेवढाच आहे, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात तो एकच खड्डा खाली येतोय. पातं बदला. जोर वाढवू नका, जोर लावला की मापाची पट्टी सरकते. माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखाला आजही एक तिरकी रेघ आहे, ती अशाच एका बोथट पात्याची मेहरबानी. कटर खाली ठेवताना दर वेळी झाकण लावायचं. फोन वाजला तरी आधी झाकण.

कटरखाली कापायची मॅट लागते, आणि ती A3 कागदाएवढी घेतलीत तर महिनाभरात चिडाल. कापडाचा पन्हा साधारण 44 इंच असतो. दुहेरी घडी घातली की 22. ही घडी एका दमात कापायची तर पट्टी 24 इंचांची हवी आणि मॅटही त्याहून लहान चालत नाही. सहा बाय चोवीसची जाड पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी घ्या, शाळेची प्लास्टिकची नको, कटर तिच्या कडा खातो. मॅट मात्र उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा इस्त्रीखाली गेली की वाकते, आणि वाकलेली मॅट सहसा परत सरळ होत नाही.

जुन्या सुती लुगड्याला मात्र यातलं काहीच लागत नाही. काठापाशी कात्रीने बोटभर छेद द्यायचा आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचं. कापड आपल्याच धाग्याला धरून फाटतं, त्यामुळे कोणत्याही पट्टीपेक्षा सरळ येतं. विरलेला मधला भाग कुठे आहे तेही फाडतानाच कळतं. कात्री मी पितळी मुठीची वापरते, मेरठची. तिला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण माझ्या लेखी तिचा मोठा गुण हा की धारवाल्याकडे दिली की पुन्हा नवी होते. तिने घरात कोणी दुधाची पिशवी कापली तर त्या दिवशी स्वयंपाक ज्याचा त्याने करावा.

आता पाव इंच. पॅचवर्कची कापायची सगळी मापं शिलाईसाठी पाव इंच कापड धरून दिलेली असतात. शिंप्याच्या भाषेत दोन सूत. तुमची शिलाई अर्धं सूत जास्त आत गेली तर एका जोडात दोन्ही बाजूंनी मिळून एक सूत जातं, आठ जोडांत अख्खा इंच. मग शेजारची रांग जुळत नाही आणि आपण कापड ओढून जुळवायला बघतो. यासाठी मशीनला लावायचा, कापड दाबून धरणारा पाव इंचाचा वेगळा पाय मिळतो, पण माझ्या काळ्या पायमशीनवर सात वर्षं कागदी चिकटपट्टीनेच काम झालं. सुई ज्या पत्र्यातून खाली जाते त्या पत्र्यावर, सुईपासून बरोबर दोन सूत मोजून पट्टी चिकटवायची. तपासायला दीड इंचाच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मधली मोजा. नेमकी एक इंच भरली तर पुढे जा. भरली नाही तर चिकटपट्टी सरकवा, आणि हे पुन्हा करा. माझ्याकडे हा पहिला धडा असतो आणि सगळ्यांना तो कंटाळवाणा वाटतो. इस्त्रीही इथेच शिकावी लागते: शर्टावर फिरवतो तशी फिरवायची नाही, उचलून ठेवायची. ओढली की तिरक्या धाग्याचे तुकडे लांबतात.

थर लावणं मी काकींकडूनच शिकले आणि त्यात अजून काही सुधारणा करता आलेली नाही. जमीन झाडून-पुसून घ्यायची, खालचं लुगडं पसरायचं, चार कोपऱ्यांवर विटा, वरवंटा, तांब्या, जे हाताला लागेल ते वजन. मग मधले थर, प्रत्येक थरावरून मधून बाहेर तळहात फिरवायचा. वरचं कापड आलं की वीतभर अंतराने कच्चा टाका. त्यांचा हात सुरकुती डोळ्यांआधी ओळखायचा. मी टाचताना घाई करायला लागले की म्हणायच्या, "आगं, खालचं कापड तुज्यावर रुसलंय, आदी त्याला सरळ कर." उलटून पाहिलं की खाली खरंच चुणी असायची.

क्विल्टच्या पोटात कापसाची किंवा पॉलिएस्टरची तयार गादी घालतात, तिला बॅटिंग म्हणतात. तिथे कच्च्या टाक्याऐवजी सेफ्टी पिना लावल्या तरी चालतात. अंतर एका मुठीचं: मूठ कुठेही ठेवली तरी खाली पिन लागली पाहिजे. चाळीस क्लिपांपैकी दहा-बारा उपयोगी पडतील, त्याही शेवटी कडेची गोट लावताना. सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात आटतं, त्यामुळे वरचं कापड आधी धुतलेलं असेल तर क्विल्टवर बारीक चुण्या येतात. काही गिऱ्हाइकांना त्या चुण्याच आवडतात. आधी विचारून घ्या. लाल, निळ्या गडद कापडांवर ओला पांढरा रुमाल घासून बघा, रंग लागला तर ते कापड पांढऱ्याशेजारी नको.

हाताने शिवायला लागणारं सगळं सामान माझ्याकडे श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात मावतं. नवीन मुली हौसेने दाभण आणतात, कारण गोधडी म्हटलं की दाभण असं कुठेतरी ऐकलेलं असतं. दाभण पोत्याला. जुन्या मऊ लुगड्याला त्याने भोकं पडतात. लांब, सडपातळ सुई घ्या, आणि क्विल्टच्या बारीक टाक्यांना आखूड सुई, जिला 'बिटवीन' म्हणतात. तिचा आकडा जितका मोठा तितकी ती बारीक, सुरुवातीला आठ नंबर बरा. मधल्या बोटाला धातूचं अंगुस्तान. पहिले चार दिवस ते बोटाला परकं वाटतं, पाचव्या दिवशी ते नसेल तर सुई टोचते. एकेक टाका ओढत बसायचं नाही, सुई जागेवर ठेवून कापड तिच्यावर चढवायचं, चार-पाच टाके भरले की एकदम ओढायचं. जाड जागी सुई अडकली तर सायकलच्या ट्यूबचा दोन बोटं तुकडा घेऊन पकडा, रविवार पेठेत तीनशे रुपयांना मिळणारी 'नीडल ग्रिपर' हेच काम करते. दोरा हातभरच घ्या आणि मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढून घ्या, गुंता निम्म्याने कमी होतो.

मशीनवर क्विल्ट शिवणार असाल तर 'वॉकिंग फूट' मात्र घ्याच. साध्या पायाखाली खालचा थर मशीनच्या दातांनी पुढे सरकतो आणि वरचा मागे रेंगाळतो. हा पाय वरच्या थरालाही पावलं टाकायला लावतो. त्रिकोणांचे साचे, दोऱ्याचे स्टँड, सुईत दोरा ओवायची बॅटरीवरची यंत्रं, यातलं काही पहिल्या वर्षी घेऊ नका. टाके उसवायची उसवणी मात्र दोन ठेवा, एक हरवतेच.

राहिलं खुणा करायचं. शिंप्याचा खडू चालतो, आणि अंगाच्या साबणाची झिजलेली चिपटी तर फुकट आहे, पहिल्या धुण्यात रेघ जाते. पण मध्यंतरी मला इस्त्रीने पुसल्या जाणाऱ्या शाईच्या पेनाची भुरळ पडली. रेघ बारीक, इस्त्री फिरवली की गायब. एका बाळाच्या दुपट्यावर मी त्याने कमळाच्या पाकळ्या काढल्या, शिवल्या, इस्त्री केली आणि ते कॅनडात माझ्या भाचीकडे पाठवलं. जानेवारी होता. पार्सल दिवसभर दाराबाहेर पडून राहिलं, बाहेर उणे पंचवीस. संध्याकाळी तिचा फोटो आला: दुपट्यावर माझ्या सगळ्या रेघा परत उमटलेल्या, खोडलेल्या आणि चुकलेल्यासुद्धा. ही शाई साठ अंशांच्या आसपास दिसेनाशी होते, जात नाही, कडक थंडीत परत येते. भाचीने विचारलं, "मावशी, ही डावीकडची पाकळी तू तीनदा काढलीस का गं?"

आता कोणतंही नवीन पेन आणलं की मी एका चिंधीवर रेघ मारते, इस्त्री करते आणि ती चिंधी रात्रभर मटारांच्या पिशवीशेजारी फ्रीझरमध्ये ठेवते.