मेंदूला गंभीर इजा झालेल्या रुग्णासाठी प्राणी-साहाय्यित उपचाराचे सत्र कसे आखावे

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील ‘रीहॅब बाझेल’ या पुनर्वसन रुग्णालयात गिनीपिग, ससे, शेळ्या, घोडे यांचा उपचारात नियमित सहभाग असतो. तेथे १९ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, प्राणी सोबत असताना रुग्ण इतरांशी अधिक संवाद साधत होते आणि उपचारासाठी अधिक उत्सुक होते, असे त्यात आढळले. मात्र हा उपचार फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपीला (रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठीच्या उपचाराला) पर्याय नव्हे. थेरपिस्टने ठरवलेले उद्दिष्ट प्राण्याच्या मदतीने गाठणे, एवढेच त्याचे काम आहे.

सुरुवातीला डॉक्टरांची लेखी परवानगी घ्यावी. उघडी जखम, जंतुसंसर्ग, ॲलर्जी, कमी झालेली प्रतिकारशक्ती किंवा आटोक्यात नसलेले अपस्माराचे झटके (फिट) असल्यास थांबावे. शस्त्रक्रियेत कवटीचा तुकडा काढलेला असेल, तर त्या बाजूला प्राणी फिरकूही देऊ नये. घशात नळी असल्यास प्राण्याचे केस तिच्याजवळ जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. प्राणी प्रौढ, शांत, प्रशिक्षित आणि पशुवैद्याने तपासलेला असावा. कुत्रा किंवा मांजर असल्यास रेबीजची लस दिलेली असणे अनिवार्य आहे. घरातला लाडका कुत्रा केवळ मायाळू आहे म्हणून या कामाला योग्य ठरत नाही.

रुग्ण सर्वांत जागा असतो ती वेळ निवडावी, टीव्ही बंद करावा आणि त्याला शक्य तितके ताठ बसवावे. उद्दिष्ट एकच ठेवावे: आखडलेली बोटे उघडून ससा कुरवाळणे, गिनीपिगसाठी गाजर कापणे किंवा नजरेने प्राण्याचा मागोवा घेणे. एक छोटी सूचना द्यावी आणि मग गप्प राहून वाट पाहावी, कारण इजा झालेल्या मेंदूला प्रतिसाद जुळवायला बराच वेळ लागतो आणि आपण घाईने तीच सूचना पुन्हा दिली की जुळत आलेला प्रतिसाद विस्कटतो. नातेवाइकांना हे थांबणे फार जड जाते, हे समजून घ्यावे, पण रुग्णाचा हात धरून त्याच्या वतीने ती क्रिया उरकू नये.

जाणीव अत्यल्प असलेल्या रुग्णाच्या बाबतीत प्रतिसादाच्या नोंदी विशेष महत्त्वाच्या असतात. पापणीची एखादी हालचाल आशेपोटी प्रतिसाद वाटू शकते. म्हणून तीच सूचना, त्याच वेळी, प्राण्याशिवायही देऊन पाहावी आणि दोन्ही नोंदी थेरपिस्टला दाखवाव्यात.

प्राण्याला लपायला जागा द्यावी, त्याला मांडीवर दाबून धरू नये आणि तो दूर जाऊ लागला किंवा रुग्ण थकला, की सत्र तेथेच संपवून सर्वांचे हात धुवावेत.