तयार डेस्कटॉप घ्यायचा का? ठरवण्याआधी एवढं तपासा

डेस्कटॉपच्या जाहिरातीत चार गोष्टी ठळक अक्षरांत असतात: प्रोसेसर, रॅम, स्टोरेज आणि ग्राफिक्स कार्ड. एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) कोणता, मदरबोर्ड (सगळे भाग जोडले जातात तो मुख्य बोर्ड) कुठला, कॅबिनेटमध्ये हवा खेळते की नाही, याबद्दल बहुतेकदा एक ओळही नसते. आणि पाच वर्षांनी तोच पीसी दुरुस्त करता येईल की टाकून द्यावा लागेल, हे नेमकं याच भागांवर ठरतं. त्यामुळे 'तयार घ्यावा की सुटे भाग आणून असेंबल करावा' हा प्रश्न सरसकट सोडवता येत नाही. समोरचं मॉडेल घ्यायचं की नाही, एवढंच ठरवता येतं. ते असं ठरवा.

१. कामं लिहून काढा

पत्रव्यवहार, हिशेब, ऑनलाइन वर्ग, व्हिडिओ कॉल एवढंच काम असेल तर तयार डेस्कटॉप घ्या आणि निश्चिंत राहा. अशा कामाला प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स, १६ जीबी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) पुरते. सुटे भाग निवडण्यात वेळ घालवून इथे फारसं काही हाती लागत नाही. गेमिंग, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी असं काम असेल, किंवा पुढे यंत्र वाढवत न्यायचं असेल, तर मात्र खालची प्रत्येक पायरी नीट करा.

२. अर्धवट नावं पूर्ण करून घ्या

'आय७ प्रोसेसर' एवढ्यावरून काहीच कळत नाही. आय७-२६०० हा २०११ चा, आय७-१२७०० हा २०२२ चा. दोघांत अकरा वर्षांचं अंतर, नाव मात्र तेच. २०२२ चा साधा आय५-१२४०० देखील त्या जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक हातात आल्याशिवाय किमतीची चर्चा सुरूच करू नका.

ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचं आहे आणि ८ जीबीचंही. फरक फक्त मेमरीच्या आकाराचा नाही. पहिल्याचा मेमरी बस (मेमरीतून डेटा ये-जा करण्याचा रस्ता) १९२ बिटचा, दुसऱ्याचा १२८ बिटचा, म्हणून दुसरं कार्ड गेममध्येही मागे पडतं. जाहिरातीत दोन्ही 'आरटीएक्स ३०६०'च.

३. न लिहिलेल्या भागांबद्दल विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. विक्रेत्याला लेखी विचारा: एसएमपीएस किती वॅटचा आणि कुठल्या मॉडेलचा? मदरबोर्डचं मॉडेल काय? रॅम एका स्टिकमध्ये आहे की दोन? एकूण स्लॉट किती, मोकळे किती?

एसएमपीएसपासून सुरुवात करू. एटीएक्स या सर्वसाधारण मानकाच्या मदरबोर्डला २४ पिनांचा रुंद कनेक्टर लागतो. हे मानक १९९५ मध्ये आलं (तेव्हा पिना २० होत्या) आणि त्यामुळेच आज एका कंपनीचा एसएमपीएस दुसऱ्या कंपनीच्या बोर्डाला चालतो. डेल, एचपी, लेनोवो यांच्या अनेक ऑफिस मॉडेलांत मात्र कंपनीचा स्वतःचा, कमी पिनांचा कनेक्टर असतो आणि बोर्डाचा आकारही वेगळा असतो. वॉरंटी संपल्यावर असा एसएमपीएस जळाला की तोच भाग शोधत बसावं लागतं, आणि बोर्ड गेला तर कॅबिनेटही बहुधा निकामी होतं. माझ्या मते तयार डेस्कटॉपमधला हा सगळ्यात मोठा तोटा आहे. खरेदीच्या दिवशी तो दिसत नाही, म्हणून आवर्जून सांगतोय. शक्य असेल तर कॅबिनेटची बाजू उघडून दाखवायला सांगा. बोर्डाच्या कडेला १२-१२ पिनांच्या दोन ओळींचा कनेक्टर दिसला की बरीचशी काळजी मिटते.

ग्राफिक्स कार्ड नंतर टाकू, असं मनात असेल तर आणखी एक हिशेब करा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून मोठं कार्ड एसएमपीएसकडून वेगळी वायर मागतं, ८ पिनांची एक वायर १५० वॅटपर्यंत देते. ती वायरच नसेल तर 'पुढे कार्ड टाकता येईल' हे आश्वासन छोट्या कार्डापुरतंच खरं. बारीक, उभट कॅबिनेटमध्ये तर कमी उंचीचंच कार्ड बसतं.

रॅमच्या बाबतीत १६ जीबीची एक स्टिक आणि ८-८ जीबीच्या दोन यांत मोठा फरक आहे. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबीपर्यंत डेटा पोचवते, दोन वेगवेगळ्या चॅनलवर (डेटाच्या स्वतंत्र वाटांवर) बसवल्या तर ५१.२. अंगभूत ग्राफिक्स हीच रॅम वापरतात, त्यामुळे तिथे फरक डोळ्यांना दिसतो. दुकानात यंत्र चालू असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. किती स्लॉट भरलेत आणि रॅम किती वेगाने चालतेय, दोन्ही तिथेच लिहिलेलं असतं.

४. सुट्या भागांची बेरीज करा

आता भागांची पूर्ण यादी हाताशी आहे. त्याच भागांच्या सुट्या किमती लिहा, त्यात विंडोजचं लायसन्स आणि जुळणीची मजुरी मिळवा. हे दोन आकडे विसरूनच बरेच जण तयार पीसी महाग ठरवतात. मोठ्या कंपन्या भाग घाऊक घेतात, त्यामुळे कधी तयार यंत्रच स्वस्त पडतं. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा होता, तेव्हा तर कार्ड मिळवण्यासाठी लोक अख्खा पीसी घेत होते. थोडा फरक असेल तर तयार घ्यायला माझी हरकत नाही, जुळणी आणि चाचणीचीही काही किंमत आहेच. पण जास्तीचे पैसे फक्त रंगीत दिवे आणि काचेच्या पॅनलसाठी जात असतील तर सोडून द्या.

५. वॉरंटीचा कागद वाचा

तयार डेस्कटॉपची खरी ताकद इथे आहे. काहीही बिघडलं तरी फोन एकाच ठिकाणी करायचा. दोष रॅमचा की बोर्डाचा, हे शोधणं कंपनीचं काम. ज्याला यंत्र उघडायचंच नाही, त्याच्यासाठी एवढं एक कारणही पुरेसं आहे. मात्र तीन गोष्टी विचारा: इंजिनिअर घरी येतो की अख्खं यंत्र पाठवावं लागतं, ते पाठवताना स्वतःची एसएसडी काढून ठेवता येते का, आणि रॅम वाढवली तर वॉरंटी राहते का. सुट्या भागांवर मुदत अनेकदा जास्त असते. चांगल्या एसएमपीएसवर पाच-दहा वर्षंही मिळतात, तयार यंत्रावर सहसा एक ते तीन.

सोबत आलेलं विंडोज बहुतेक वेळा त्याच मदरबोर्डला बांधलेलं असतं. पुढच्या यंत्रावर ते नेता येत नाही.

६. परत करायची मुदत संपण्याआधी

खोका उघडताना व्हिडिओ काढा. चालू करण्याआधी कॅबिनेटची बाजू उघडता येत असेल तर आत पाहा. जड कार्ड हलू नये म्हणून काही कंपन्या आत फोम भरतात, तो तसाच ठेवून बटण दाबू नका. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर त्यालाच लावा, मदरबोर्डला नको. मग सिस्टिममध्ये दिसणारे भाग बिलाशी ताडून पाहा. रॅम लिहिलेल्या वेगापेक्षा कमी वेगाने चालत असेल तर बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवण्याची सोय, चालू करायचं राहिलेलं असू शकतं. बोर्डाला ती सोय नसेल, तर तसं विक्रेत्याला विचारा. ट्रायल म्हणून आधीच टाकून दिलेले, नको असलेले प्रोग्रॅम काढून टाका आणि तुमचं सगळ्यात जड काम सलग तासभर चालवा. पंखे ओरडू लागले, वेग घसरला किंवा यंत्र आपोआप बंद पडलं, तर 'बघू पुढे' म्हणू नका, मुदतीतच परत करा.