‘दुखापत झाली का?’ असं विचारू नका

फिजिओथेरपीच्या मास्टर्सला विषय निवडायची वेळ आली, तेव्हा बॅचमधल्या बहुतेकांनी कंबरदुखी नाहीतर गुडघ्याची झीज घेतली. मी लहानपणापासून कथक शिकलेली, म्हणून नाचणाऱ्या मुलींच्या दुखापती घेतल्या आणि जोडीला कबड्डीच्या मुली. बाबा म्हणाले, "नाचणाऱ्यांचे पाय मोजाले एवढं शिकली का बापा?"

पहिला महिना पाण्यात गेला. एका नृत्यवर्गात फॉर्म वाटले. पहिलाच प्रश्न, ‘गेल्या सहा महिन्यांत दुखापत झाली का?’ जवळजवळ सगळ्यांनी ‘नाही’वर खूण केली. फॉर्म गोळा करून बाहेर आले, तर त्याच मुली कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या.

चूक माझी होती. त्यांच्या लेखी दुखापत म्हणजे प्लास्टर. टाच ठणकणं, पोटऱ्या भरून येणं हा रियाजचाच भाग! शिवाय फॉर्म गोळा करायला मी कोणाला सांगितलं होतं? त्यांच्याच गुरुताईंना. त्यांच्या हातात कोण लिहून देणार, की माझा पाय दुखतो?

मग ऑस्लोच्या संशोधकांनी 2013 मध्ये मांडलेली प्रश्नावली हाती लागली. ती ‘दुखापत’ या शब्दाभोवती फिरतच नाही. त्रासामुळे सरावात अडचण आली का, सराव किती कमी केला, कामगिरी किती घसरली, दुखलं किती, असे चारच प्रश्न, तेही दर आठवड्याला. मी त्याचं साधं मराठी केलं, ‘सराव’च्या जागी ‘रियाज’ घातलं आणि उत्तरं थेट मोबाइलवर मागवली. दोन आठवड्यांत चित्र पालटलं.

कबड्डीचं उलटं. नागपूरच्या रेशीमबाग मैदानावरच्या पोरी तारखेसकट सांगत, "बुधवारी चढाईत घोटा पकडला जी, तेव्हाच मुरगळला." नाचातल्या दुखण्याला असा बुधवार नसतो. अनवाणी पाय, सिमेंटवर बसवलेली फरशी, पायात घुंगरांचं वजन आणि एका बैठकीत शेकडो वेळा आपटणारी टाच. दुखणं साठत जातं. म्हणून ‘कधी झालं’पेक्षा ‘किती केलं’ हे आधी टिपा. एक हिशोब कायम डोक्यात ठेवा: 40 मुली, आठवड्याला 5 तास, 10 आठवडे, म्हणजे 2000 तास. तेवढ्यात 6 दुखापती झाल्या, तर दर हजार तासांमागे 3. तासांची नोंद नसेल, तर नाच आणि कबड्डी यांची तुलना म्हणजे नुसत्या गप्पा.

मला सर्वात जास्त शिकवलं ते भरतनाट्यमच्या मुलींच्या अरमंडीनं, म्हणजे गुडघे बाहेर वळवून केलेल्या अर्ध्या बैठकीनं. टाचा जुळवून पावलं जेवढी उघडलेली दिसतात, तेवढी मांडी खुब्यातून फिरतेच असं नाही. कमी पडलेलं गुडघा आणि घोटा पिळून भरून काढलं जातं. गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने, पावलांचा आणि खुब्याचा असे दोन्ही कोन वेगवेगळे मोजा. त्यांतला फरक खरं बोलतो. मोजणारी व्यक्ती शेवटपर्यंत एकच ठेवा आणि प्रत्येक माप दोनदा घ्या. माझ्या मैत्रिणीने मदत म्हणून मोजलेली पहिली दहा मापं मला टाकून द्यावी लागली. मैत्री टिकली, नशीब.

कागदपत्रांचं थोडक्यात: एथिक्स कमिटीची मंजुरी हातात येईपर्यंत एकाही मुलीला मोजपट्टी लावायची नाही. 18 च्या खालच्या मुलींसाठी पालकांची सही लागते आणि मुलीचा स्वतःचा होकारही. आईने सही केली, पण मुलगी नको म्हणाली, तर विषय संपला. संख्याशास्त्रज्ञाकडे फॉर्म छापायच्या आधी जा. मी नंतर गेले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते अजून आठवतं.

आणि एप्रिल-मेमध्ये नागपुरात मोजमापाचा बेत आखू नका. पारा पंचेचाळिशीला टेकतो, दुपारचे वर्ग बंद, निम्म्या पोरी मामाच्या गावी. नवरात्रही टाळा. त्या नऊ रात्री कथकवाल्या आणि कबड्डीवाल्या दोघीही गरब्यात असतात, आणि गुडघा नेमका कशाने दुखला हे मग देवीलाच ठाऊक.

गुरुताईंना निकाल दाखवताना धाकधूक होती. त्यांनी तक्ता दोनदा वाचला, घुंगरांच्या पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, "धाकट्यांचे निम्मे काढू का?" मी म्हटलं, काढा, पण पुढचे दहा आठवडे फॉर्म चालू ठेवू या.