कोय आणि काडी: पेशीविभाजन शिकायला घेताना

वनस्पतिशास्त्र किंवा कृषीला नव्याने आलेल्या मुलांना अर्धगुणसूत्री विभाजन (मायोसिस, म्हणजे पराग-बीजांडात गुणसूत्रं निम्मी करणारं पेशीविभाजन) म्हटलं की धडकी भरते. अवस्थांची नावं घोकण्याआधी परसातल्या हापूसच्या कोयकलमाचा जोड एकदा नीट बघा, असं मी आवर्जून सांगते.

जोडाखालचं रोप रायवळच्या बाठ्यातून आलेलं. वरची काडी हापूसची. काडी सूत्री विभाजनाने वाढते, गुणसूत्रं जशीच्या तशी पुढे जातात, म्हणून कलमाला हापूसच धरतो. खाली मात्र प्रत्येक रोप निराळं. त्याच हापूसची कोय रुजवलीत तरी झाड आईसारखं निघेल याचा भरवसा नाही. असं का, एवढं कळलं की अर्धा अभ्यास झाला.

आंब्याच्या पेशीत 40 गुणसूत्रं, म्हणजे 20 जोड्या. मोहोरातल्या परागकोशात पहिलं विभाजन सुरू झालं की जोडीतली गुणसूत्रं एकमेकांना बिलगतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. मग जोडीतलं कोण पेशीच्या कुठल्या ध्रुवाकडे, म्हणजे टोकाकडे जाणार, हे प्रत्येक जोडीचं स्वतंत्र ठरतं. नुसत्या या वाटणीनेच एका झाडाचे पराग 10,48,576 प्रकारचे होऊ शकतात. अदलाबदल यात धरलेलीच नाही, आणि बीजांडाच्या बाजूला हाच सगळा खेळ वेगळा चालू असतो! मुख्य उलथापालथ पहिल्या विभाजनात होते, दुसऱ्यात नव्हे. तोंडी परीक्षेत पुष्कळजण इथेच अडखळतात.

स्लाइडसाठी कांद्याच्या डेंगळ्यावरच्या (फुलाच्या दांड्यावरच्या) कोवळ्या कळ्या घ्या. तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक आम्ल यात त्या टाकून ठेवा. परागकोश पिवळा दिसला तर वेळ टळली, पराग तयार झालेले असतात. पांढुरका, अर्धपारदर्शक हवा. ॲसिटोकार्मिन या गुणसूत्रं रंगवणाऱ्या द्रावाचा थेंब, किंचित ऊब, आणि अंगठ्याने सरळ दाब. काच सरकली की पेशी गेल्या. कांद्यात आठच जोड्या, त्यामुळे मोजता येतात. तो क्षण फार सुंदर असतो.

पुढे पैदासशास्त्राकडे वळायचं असेल तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचं काम जरूर समजून घ्या. नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 मध्ये ‘रत्ना’ आली, तिचा पुन्हा हापूसशी संकर करून 1992 मध्ये पातळ कोयीची ‘सिंधू’. दोन्ही जाती लावतात त्या मात्र कलमानेच, कारण कोयीत पत्ते पुन्हा पिसले जातात.