पुनर्वसन शिकताना हातात टेप हवी

दिव्यांग पुनर्वसन हा एकच अभ्यासक्रम नाही. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-श्रवण उपचार, कृत्रिम अवयव, विशेष शिक्षण, समुपदेशन अशा वाटा सुरुवातीलाच फुटतात आणि मध्येच वाट बदलली की वर्षं वाया जातात. प्रवेश घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या: या पदवीवर व्यवसायाची नोंदणी मिळते का? देखरेखीखाली प्रत्यक्ष काम किती तास? नुसत्या ‘भेटी’ त्यात मोजू नका. लांबून बघून हात बसत नाही.

शरीररचना पाठ होतेच. कच्ची राहते ती आयसीएफ, म्हणजे माणसाचं आरोग्य, कामकाज आणि दिव्यांगत्व नोंदवायची जागतिक आरोग्य संघटनेची २००१ची वर्गवारी. एकाच माणसावर ती लावून पाहा. पाय लुळे, ही शरीराची नोंद. एकटीला आंघोळ जमत नाही, ही क्रियेची. शाळा सुटली, ही सहभागाची. दारात १५ सेंमीची पायरी, ही परिसराची. बहुतेक विद्यार्थी पहिलाच रकाना भरून थांबतात आणि मग उद्दिष्ट लिहितात ‘ताकद वाढवणे’. पायरीचा रकाना भरला असता तर १:१२ चढाचा (१ सेंमी उंचीला १२ सेंमी लांबी), १८० सेंमी लांबीचा रॅम्प सुचला असता.

व्हीलचेअरचं माप घेणं वर्गमित्रांवर गिरवा. माणूस ताठ बसलेला, पावलं टेकलेली. कमरेच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठे उभे धरा. त्यांमधलं अंतर ही बैठकीची रुंदी. ‘थोडी ऐसपैस’ म्हणून वाढवलेली खुर्ची माणसाला एका बाजूला कलवते आणि चाकं हातापासून लांब नेते. बैठक किती खोल हवी यासाठी नितंबाच्या मागच्या कडेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोजा, दोन्ही पायांचं. साधारण ३ ते ६ सेंमी वजा करा. दोन मापं वेगळी आली तर धाकटं धरा. इथेच सगळ्यात जास्त चुकतं: बैठक खोल झाली की कड पोटरीला टोचते, माणूस पुढे घसरतो, भार माकडहाडावर येतो आणि तिथे जखम होते.

पायटेकू शेवटी, उशी घालून आणि माणसाला बसवूनच लावा. उशी दबते, त्यामुळे रिकाम्या खुर्चीवरचं माप फसवतं. टेकू उंच राहिला तर मांड्या उचलल्या जाऊन सगळा भार बैठकीच्या हाडांवर पडतो, खाली गेला तर पावलं लोंबकळतात.