रिकम्बंट ट्राइक चालवताना पाय जायबंदी होऊ नयेत म्हणून या चुका टाळा

रिकम्बंट ट्राइक म्हणजे पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची तीन चाकांची सायकल. तिच्यावर तोल सांभाळावा लागत नाही आणि मनगटांवर भारही येत नाही, म्हणून पाठदुखी असलेली किंवा वयामुळे दुचाकी सायकल सोडून दिलेली मंडळी तिच्याकडे वळतात. खानदेशात अशा ट्राइक अजून मोजक्याच दिसतात. काही बाहेरून मागवलेल्या असतात, तर काही वेल्डिंगच्या दुकानात जुन्या सायकलींचे सुटे भाग जोडून तयार केलेल्या. त्यामुळे काय चुकते आहे हे सांगणारा अनुभवी माणूस शेजारी असेलच असे नाही. ‘तीन चाके आहेत, पडणार थोडेच’ हा विश्वास बऱ्याच अंशी खरा आहे, परंतु त्याच विश्वासापोटी पायांकडे दुर्लक्ष होते, आणि या वाहनाचा खरा धोका पायांनाच आहे.

सर्वांत मोठी चूक: पाय पेडलवर मोकळा ठेवणे

साध्या सायकलवर पाय पेडलच्या वर असतो आणि शरीराचे वजनच त्याला तिथे दाबून धरते. ट्राइकवर पेडल आपल्या समोर उभे असते. पाय त्याच्यावर नसून त्याला टेकलेला असतो, आणि त्याचे सगळे वजन त्याला सतत खाली, जमिनीकडे ओढत असते. गतिरोधकाचा एक दणका, घामाने निसरडा झालेला तळवा किंवा पोटरीत आलेला गोळा एवढ्या कारणानेही पाय सुटतो. ज्या ट्राइकला पुढे दोन चाके आणि मागे एक चाक असते, तिच्यात पेडल पुढच्या चाकांच्याही पुढे असतात आणि दोन्ही चाकांना जोडणारी आडवी नळी पायांच्या मागे, जमिनीपासून थोड्याच उंचीवर असते. सुटलेली टाच रस्त्याला लागली की घर्षणाने पाऊल जागीच अडते, ट्राइक मात्र चालकासह पुढे जात राहते, आणि पाय दुमडून त्या आडव्या नळीखाली ओढला जातो. घोटा मोडणे, नडगीचे हाड मोडणे, गुडघ्याचे बंध तुटणे, मांडीचा सांधा पिरगळणे हे सर्व यातून होऊ शकते. पुढे एक आणि मागे दोन चाके असलेल्या ट्राइकवरही हा धोका टळत नाही, कारण खाली पडलेल्या पायावरून मागचे चाक जाऊ शकते.

हे किती वेगाने घडते याचा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी ट्राइक एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात एक मीटरहून अधिक. पाय सुटल्याचे ध्यानात येऊन तो वर उचलेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. म्हणूनच ‘मी लक्ष ठेवून चालवतो’ हा यावरचा उपाय होऊ शकत नाही. पाय सुटणारच नाही अशी व्यवस्था करणे हाच उपाय आहे.

त्यासाठी सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे क्लीट (बुटाच्या तळाला बसणारी, पेडलमध्ये अडकणारी छोटी पट्टी) बसवलेले बूट आणि त्यांना पकडणारे पेडल. अनेक जण त्याला घाबरतात, कारण दुचाकी सायकलवर सिग्नलला पाय वेळेवर सुटला नाही तर माणूस आडवा होतो. ट्राइक थांबल्यावर उभीच राहते, त्यामुळे थांबताना पाय सोडवण्याची गरजच नसते आणि ही भीती इथे गैरलागू ठरते. शिमानो कंपनीच्या एसपीडी नावाच्या पेडल-क्लीट प्रकारात टाच बाहेर वळवली की सुटणारी क्लीट आणि अनेक दिशांनी सुटणारी क्लीट असे दोन प्रकार मिळतात. ट्राइकसाठी पहिला प्रकार घ्यावा, कारण दुसरा प्रकार दणक्यासरशी नकळत सुटू शकतो. पेडलवरच्या स्प्रिंगचा ताण सुरुवातीला कमी ठेवून, घरासमोर ब्रेक लावलेल्या स्थितीत पाय अडकवण्याचा आणि सोडवण्याचा सराव करावा आणि मग तो ताण हळूहळू वाढवावा.

क्लीटचे बूट परवडत नसतील किंवा गुडघ्याच्या आजारामुळे टाच वळवता येत नसेल, तर टाचेला आधार देणारा पट्टा लावावा. इथे एक चूक सर्रास होते: केवळ चवड्यावरून जाणारा पट्टा लावून लोक निश्चिंत होतात. चवडा अडकलेला राहतो, पण टाच खाली लोंबते, आणि ट्राइक ठेंगणी असेल तर तीच टाच रस्त्याला घासते. पट्टा टाचेच्या मागूनही गेला पाहिजे. स्कूटरच्या जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी कापून, ती पेडलच्या दोन्ही बाजूंना नटबोल्टने घट्ट बसवून असा आधार घरीही करता येतो. तो केल्यावर ब्रेक लावून सीटवर बसावे, पाय अगदी सैल सोडावा आणि तो खाली येत नाही ना हे पाहावे. त्यानंतर कोणाच्याही मदतीशिवाय पाय बाहेर काढता येतो ना, हेही तपासावे. ज्यातून स्वतःहून पाय निघत नाही असा पट्टा वापरू नये.

क्लीट वापरणाऱ्यांना आपल्या भागात पावसाळ्यात एक अडचण हमखास येते, ती काळ्या मातीची. वावराच्या कडेला किंवा साईडपट्टीवर उतरून दोन पावले चालले तरी ती माती बुटाच्या तळाला चिकटते आणि क्लीटच्या खाचेत भरते. नंतर पाय पेडलवर दाबला की तो बसल्यासारखा वाटतो, पण अडकलेला नसतो. बसण्याआधी काडीने किंवा जुन्या सायकलच्या आऱ्याच्या तुकड्याने खाच साफ करावी, पेडलचा ‘टक’ असा आवाज ऐकावा, आणि तेवढ्यावर न थांबता प्रत्येक पाय एकदा मागे ओढून पाहावा. आवाज आला पण ओढल्यावर पाय निघाला, तर खाचेत माती शिल्लक आहे किंवा क्लीट झिजली आहे असे समजावे.

पायाने थांबवणे, रेटणे आणि सावरणे

वर्षानुवर्षे सायकल किंवा मोटारसायकल चालवलेल्या माणसाच्या अंगात एक सवय मुरलेली असते: काही बिनसले की पाय खाली टेकवायचा. ट्राइकवर नेमकी हीच सवय घात करते. वेग कमी झाल्यावर शेवटचे चार हात अंतर पाय घासत थांबणे, चढावर ट्राइक मागे सरकू लागली की टाचेने अडवणे, वळणावर एक चाक उचलले गेले की त्या बाजूचा पाय बाहेर टाकणे, अंगावर धावून आलेल्या कुत्र्याला लाथ मारणे या सर्व प्रसंगी पाय चालत्या ट्राइकच्या पुढे आणि खाली जातो. थांबण्यासाठी ब्रेक आहेत आणि चढावर थांबायचे असेल तर पार्किंग ब्रेक आहे. ट्राइक मागे घ्यायची असेल, तर सीटवर बसल्या बसल्या पुढची दोन्ही चाके टायरला धरून हातांनी उलटी फिरवावीत. कुत्रे मागे लागले तर वेग कमी करून मोठ्याने ओरडावे. बहुतेक कुत्री ट्राइक थांबली की तीही थांबतात.

वळणावर उलटण्याचा प्रसंग अतिवेगामुळे येतो. चाळीसगावहून चढणारा कन्नडचा घाट असो किंवा धुळ्याजवळचा लळिंग घाट, उतारावर वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे, आणि धड आतल्या बाजूला झुकवावे. उतारावर पेडल मारणे थांबलेले असते तेव्हा दोन्ही क्रँक (पेडल ज्यांच्या टोकाला असतात त्या दांड्या) आडव्या रेषेत ठेवाव्यात. एक क्रँक खाली राहिली की त्या बाजूची टाच जमिनीच्या सर्वांत जवळ असते, आणि खड्डा नेमका तेव्हाच येतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार गतिरोधक सुमारे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाकार असावा. गावोगावचे गतिरोधक पाहिले तर त्यांचा या मापाशी संबंध दिसत नाही. ते अरुंद आणि उभे असतात. अशा ठिकाणी चालण्याच्या वेगाने जावे. केळीच्या हंगामात रावेर, सावदा, यावलकडच्या रस्त्यांवर मालवाहू गाड्यांची वर्दळ वाढते, आणि त्यांना वाट देण्यासाठी डांबराच्या कडेवरून खाली उतरावे लागते. ती कड कधी कधी वीतभर उंच असते. तिथेही आधी थांबून मगच उतरावे.

चढणे-उतरणे ट्राइक पूर्ण थांबलेली आणि ब्रेक लावलेला असतानाच करावे. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. चौकात ट्राइक उभी केली की माणसे जमतात आणि कोणीतरी ‘एक चक्कर मारू द्या ना, भाऊ’ म्हणतो. त्याच्या पायात चप्पल असते, बूम (पेडल पुढे धरणारी, मागे-पुढे सरकवता येणारी नळी) त्याच्या मापाची नसते आणि पायाने थांबण्याची त्याची सवय कायम असते. अशा माणसाला, विशेषतः लहान मुलाला, पाय पेडलला बांधल्याशिवाय एक मीटरही चालवू देऊ नये. नाही म्हणताना संकोच वाटतो, पण तो बाजूला ठेवावा.

गुडघा दुखतो, कारण बूम चुकीच्या जागी आहे

साध्या सायकलवर पेडलवर किती जोर द्यावा याला शरीराच्या वजनाची मर्यादा असते. ट्राइकवर पाठ सीटला रेटून त्याहून कितीतरी अधिक जोर देता येतो, आणि तो सगळा गुडघ्यातून जातो. त्यामुळे जड गिअर घालून रेटत राहणाऱ्याचे गुडघे काही आठवड्यांतच कुरकुरू लागतात. हलका गिअर आणि भरभर फिरणारे पाय, मिनिटाला साधारण ८० फेऱ्या, ही सवय लावून घ्यावी.

बूमचे माप घेण्याची सोपी रीत अशी: सीटवर पाठ पूर्ण टेकवून, पेडल सर्वांत लांब असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हावा, तिथेच चवडा ठेवला तर गुडघ्यात हलकासा बाक राहावा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीपाशी दुखत असेल तर बूम बहुधा जवळ आहे, ती थोडी लांब करावी. गुडघ्याच्या मागे, शिरा ताणल्यासारखे दुखत असेल तर बूम लांब आहे. आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर क्लीटचा कोन तपासावा. बदल एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरचाच करावा आणि काही दिवस चालवून मग पुढचे ठरवावे, कारण घाईने केलेल्या मोठ्या बदलांतून नवे दुखणे उभे राहते. उंची कमी असलेल्यांनी १७० मिलिमीटरऐवजी १५० ते १५५ मिलिमीटरच्या क्रँक बसवून पाहाव्यात. गुडघा कमी दुमडतो आणि टाच जमिनीपासून दीड-दोन सेंटिमीटर वर राहते. बूम बरीच आत घेतली असेल, तर हँडल पूर्ण वळवल्यावर टायर टाचेला किंवा पोटरीला लागत नाही ना, हेही पाहून घ्यावे.

बधिर तळवे, गोळे आणि ऊन

पाय कमरेच्या पातळीला किंवा त्याहून वर असल्याने तळव्यांना मुंग्या येतात. त्यावर क्लीट शक्य तितकी टाचेकडे सरकवावी, बूट पुढून रुंद आणि कडक तळाचे घ्यावेत आणि नाडी थोडी सैल बांधावी. मधुमेह असलेल्यांनी मात्र संवेदनेवर विसंबू नये. पट्टा घासून झालेली जखम त्यांना कळतही नाही, म्हणून घरी आल्यावर रोज दोन्ही पाय डोळ्यांनी पाहावेत.

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो. घामावाटे पाणी आणि क्षार गेले की गोळे येतात, आणि गोळा आलेला पाय पेडलवर राहत नाही. त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत घरी परतावे आणि सोबत साध्या पाण्याबरोबर ओआरएसचे पाणी ठेवावे. ट्राइकवर नडग्या आणि पायांचा वरचा भाग सरळ उन्हासमोर येतो, त्यामुळे लांब मोजे किंवा पायांचे स्लीव्ह घालावेत.

नाडीची टोके बुटात खोचावीत. ओढणी, साडीचा पदर आणि सैल पायजमा चेनपासून दूर बांधावा, आणि चेनरिंगला (पेडलजवळच्या दातेरी चकतीला) संरक्षक कडे नसेल तर बसवून घ्यावे; तिचे दात पोटरीची कातडी सहज फाडतात.

पाय खाली गेलाच तर

लगेच ब्रेक दाबून धरावा. अडकलेला पाय ओढू नये आणि ट्राइक पुढे-मागेही ढकलू नये. दोघांनी ती सरळ वर उचलावी आणि मग पाय बाहेर काढावा. पाय वाकडा दिसत असेल, त्यावर भार देता येत नसेल किंवा सूज झपाट्याने वाढत असेल, तर तो चोळू नये, तेल लावू नये आणि हाड बसवणाऱ्याकडे जाऊ नये. पुठ्ठा किंवा लाकडी पट्टी दोन्ही बाजूंनी ठेवून पाय आहे त्या स्थितीत सैलसर बांधावा आणि एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे. बोटे गार, पांढरी किंवा निळसर पडली असतील किंवा बधिर झाली असतील, तर रक्तपुरवठा अडलेला असू शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवावी आणि ती येईपर्यंत बूट व मोज्याची पकड सैल करून दर काही मिनिटांनी बोटांचा रंग पाहत राहावा.